साचा वापरला की कष्ट कोणाचे वाचतात?

या वेळची पत्रं वेगवेगळ्या वयाच्या लोकांची आहेत पण फिरून फिरून सगळी एकाच गोष्टीवर येतात, टीव्हीवर, सिनेमात, बातमीत, जाहिरातीत माणसं जशी ठरलेल्या साच्यात, म्हणजे स्टिरिओटाइपमधे, दाखवतात त्यावर. मी अकरा वर्षं पेपरच्या डेस्कवर काढलीयेत, त्यामुळे या पापातला थोडा वाटा माझाही आहे हे आधीच सांगून टाकते. काही पत्रं फार लांब होती, ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. शाळेत 'सायंटिस्टचं चित्र काढा' सांगितलं तर तिने टकलू, चष्मेवाला, पांढऱ्या कोटातला माणूस काढला. मी स्वतः लॅबमधे काम करते हो, रोज! तिला विचारलं तर म्हणते, "तू खरी सायंटिस्ट नाहीस, तू आई आहेस." तेव्हा हसले, पण रात्री झोप लागेना. तिने हे कुठून उचललं? घरात तर आम्ही असं कधीच बोलत नाही.
– लॅबवाली आई

उत्तर: "तू आई आहेस" हे वाचून मीही आधी हसले आणि मग गप्प झाले.

हे चित्र काढून घ्यायचं काम बरंच जुनं आहे. डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकाने १९६६ ते १९७७ या काळात जवळजवळ पाच हजार मुलांकडून शास्त्रज्ञाची चित्रं काढून घेतली आणि १९८३ मधे त्यावर लिहिलं. एवढ्या ढिगाऱ्यात बाई शास्त्रज्ञ किती होत्या तर २८, आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या, मुलांपैकी एकानेही नाही. पुढे २०१८ मधे अमेरिकेतल्या पन्नास वर्षांच्या अशा ७८ अभ्यासांचा एकत्र हिशेब कोणीतरी मांडला, तर ऐंशीच्या दशकानंतरच्या चित्रांमधे बायकांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. म्हणजे चित्र बदलतं, अगदी शब्दशः. पण त्याच हिशेबात एक गोष्ट मला जास्त टोचली. सहा वर्षांच्या मुली काढतात तेव्हा त्यातल्या साधारण ७० टक्के बाईच काढतात, आणि सोळा वर्षांच्या मुली काढतात तेव्हा चौथा हिस्साच. मधल्या दहा वर्षांत त्यांना कोणी बसवून काही शिकवत नाही, कार्टून, पुस्तकांतली चित्रं, जाहिराती, सिनेमातला तो केस विस्कटलेला प्रोफेसर, हे सगळं थेंब थेंब साचत जातं. तुमची लेक जरा लवकर पोचली एवढंच.

तुम्ही म्हणता घरात आम्ही असं बोलत नाही. खरंय, पण घरात तुम्ही एक आहात आणि पडद्यावर ते शंभर आहेत. आणि ओळखीचा माणूस साच्यात बसला नाही म्हणून साचा काही मोडत नाही, आपण त्या माणसालाच उचलून अपवादाच्या कप्प्यात ठेवतो, तुम्हाला ठेवलं तसं. (मोठी माणसंही हेच करतात बरं का, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस" हे कौतुक म्हणून ऐकवणारे सगळ्यांनाच भेटलेत.)

एक मात्र आहे, त्या चित्राचा फार मोठा अर्थ लगेच काढू नका. चित्र काढताना मूल 'सायंटिस्ट असाच असतो' एवढंच सांगत नसतं, 'असा काढला की बघणाऱ्याला लगेच कळेल' हेही सांगत असतं. कोट आणि चष्मा काढला नाही तर बाई विचारणार ना, हे कोण काढलंयस म्हणून! त्यामुळे लेक्चर देऊ नका, आणि एका थोर शास्त्रज्ञ बाईचं चरित्र हातात देऊन काम झालं असंही समजू नका कारण एक थोर बाई म्हणजे परत अपवादच. सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून तिला लॅबमधे घेऊन जा आणि तुमच्याबरोबर काम करणारी सगळी दाखवा, जाडी, बारीक, तरुण, म्हातारी, कंटाळलेली, चहा पिणारी. तिला संख्या दिसू दे.

प्रश्न: हल्ली कशावरही विनोद केला की कोणीतरी दुखावतं. माझं म्हणणं असं की विनोदाने तर उलट मागास विचारांचीच खिल्ली उडते. प्रेक्षक एवढे मूर्ख नसतात. तुम्ही लोक उगीच प्रत्येक गोष्टीत स्टिरिओटाइप शोधता.
– हसणारा माणूस

उत्तर: प्रेक्षक मूर्ख नसतात हे एकशे एक टक्के मान्य. गंमत अशी की ते मूर्ख नसतात म्हणूनच त्यांना हवं ते त्यांना बरोब्बर सापडतं.

१९७१ मधे अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. त्यात आर्ची बंकर नावाचा एक बाप आहे, सगळ्या जगाबद्दल त्याच्या डोक्यात पूर्वग्रह भरलेत आणि तो ते मोठ्याने बोलून दाखवतो, त्याचा जावई त्याच्याशी भांडतो. निर्माते नॉर्मन लिअर यांना आर्चीचंच हसं करायचं होतं, म्हणजे अगदी तुम्ही म्हणताय तेच. १९७४ मधे विडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांना विचारून बघितलं तर काय निघालं? मालिका सगळ्यांनाच विनोदी वाटत होती, पण ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आर्चीच मुद्द्याचं बोलतो आणि वादात शेवटी तोच जिंकतो. एकाच खोलीत एकाच वाक्यावर दोन माणसं हसतायत, एक त्याला हसतोय आणि एक त्याच्यासोबत हसतोय.

म्हणून विनोद बंद करा असं मी म्हणत नाहीये, मला स्वतःला वाईट विनोदांवर हसायची खोड आहे. मी फक्त एवढंच करून बघते की विनोदातल्या माणसाची जात, लिंग, वजन, भाषा, जे काही असेल ते बदलून बघायचं, आणि तरीही विनोद उभा राहतोय का बघायचं. राहिला तर डोकं लेखकाने चालवलंय. कोसळला तर लेखकाने काहीच केलं नव्हतं, हशा आधीच तयार होता, त्याने फक्त बटण दाबलं.

प्रश्न: मी व्हीलचेअर वापरतो, अकाउंटंट आहे, नोकरीला बारा वर्षं झाली. मागे एका चॅनेलवाल्यांनी माझ्यावर स्टोरी केली. मी ऑफिसच्या दारातून आत जातोय ते स्लो मोशनमधे, मागे सतार, आणि निवेदिका म्हणतेय की "नियतीपुढे न झुकलेला योद्धा". मॅडम, मी फक्त कामावर जात होतो. कामाबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. घरचे म्हणतात चांगलंच बोललेत ना, मग कशाला कुरकुर करतोस. करू की नको?
– योद्धा नसलेला

उत्तर: करा, जोरात करा.

स्टेला यंग म्हणून ऑस्ट्रेलियात एक विनोदी कलाकार आणि पत्रकार होत्या, त्याही व्हीलचेअर वापरायच्या, २०१४ मधे गेल्या. त्या सांगायच्या की त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातलं कोणीतरी त्यांच्या आईवडिलांकडे आलं, तिला एका पुरस्कारासाठी सुचवायचंय म्हणून. आईवडील म्हणाले छान आहे, पण तिने काही केलेलंच नाही ना. आणि खरंच नव्हतं केलं, ती शाळेत जायची, संध्याकाळी टीव्ही बघायची. अशा प्रकाराला त्यांनी 'इन्स्पिरेशन पॉर्न' म्हटलं, म्हणजे अपंग माणसाला समोर ठेवून बाकीच्यांनी स्वतःला बरं वाटून घ्यायचं. शब्द कडक आहे पण मला दुसरा सुचत नाही.

तुमच्या घरच्यांचं कुठे चुकतंय सांगू? त्यांना वाटतं वाईट दाखवलं तरच साचा. चांगलं दाखवूनही साचाच होतो की. सिनेमात तर दोनच जागा ठेवल्यात, देवमाणूस नाहीतर खलनायक. खलनायकाच्या चेहऱ्यावर जखमेचा व्रण का असतो याचा कधी विचार केलाय? म्हणजे आत काळं आहे हे बाहेरूनच कळावं, पटकथेत दोन सीन वाचतात. याविरुद्ध ब्रिटनमधे चेहऱ्यावर व्रण असलेल्या लोकांची मोहीम झाली, 'आय अॅम नॉट युअर व्हिलन', आणि २०१८ मधे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की व्रण दाखवून खलनायक ठरवणाऱ्या सिनेमांना आम्ही पैसे देणार नाही. आणि या दोन टोकांच्या मधे हिशेब जुळत नाही म्हणून वैतागलेला अकाउंटंट कुठे आहे? तो दिसतच नाही, आणि जो दिसत नाही त्याला मुलाखतीला बोलवायचं बॉसला कसं सुचणार.

पुढच्या वेळी कोणी कॅमेरा घेऊन आलं तर आधीच ठरवून घ्या की कामाबद्दल किमान अर्धा वेळ, स्लो मोशन नाही, आणि बिल्डिंगला रॅम्प आहे का, नसेल तर का नाही, ते ज्याच्या हातात आहे त्याला कॅमेऱ्यासमोर विचारायचं. योद्धा म्हटलं की हा शेवटचा प्रश्न आपोआप गळतो, कारण लढाई मग तुमची आणि नियतीची होते, बिल्डिंग बांधणारा सुटतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, जगात बरंच पाहिलंय. माध्यमं काही शून्यातून प्रतिमा बनवत नाहीत. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. एखाद्या समाजाबद्दल लोकांचं मत बनतं त्याला काहीतरी कारण असतंच ना? त्यात थोडं तरी तथ्य असणारच.
– स्पष्टवक्ता

उत्तर: सर, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मी तो झटकणार नाही. हो, बऱ्याच साच्यांमधे कुठेतरी एखादा खरा माणूस असतो. नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिची २००९ च्या एका भाषणात म्हणाल्या होत्या त्याचा मतितार्थ असा, की साचे खोटे असतात हा मुद्दा नाही, ते अपुरे असतात, एकच गोष्ट ती जणू एकमेव गोष्ट होऊन बसते. मी त्यात डेस्कवरचा माझा अनुभव घालते.

बातमी कशाची होते? जे नेहमी होत नाही त्याची. आता शेजारच्या माणसाबद्दल मला बातमी सोडून हजार गोष्टी माहीत असतात, तो कसा खोकतो इथपासून. त्यामुळे त्याच्या समाजातल्या कोणी चोरी केली तर मी म्हणते चोर होता. पण ज्या समाजातलं कोणी माझ्या ओळखीचंच नाही, त्याच्याबद्दल माझ्याकडे फक्त बातमी असते, अपवादांचा गठ्ठा, आणि मी त्या गठ्ठ्यालाच तो समाज समजते. धूर दिसतो हो, पण कॅमेरा फक्त धूर निघतो तिथेच पाठवलेला असतो त्याचं काय. शिवाय बातमीत आडनाव, धर्म, मूळ गाव कधी येतं आणि कधी गाळलं जातं हे एकदा महिनाभर वही घेऊन नोंदवा. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला जमेल, बाकीच्यांना मी सांगतही नाही.

माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी अमेरिकेत साठच्या दशकाच्या शेवटापासून वर्षानुवर्षं टीव्हीवरचे प्रसंग अक्षरशः मोजले. त्यांचं म्हणणं असं की जे खूप टीव्ही बघतात त्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक आणि माणसं जास्त बेभरवशाची वाटतात. नंतरच्या लोकांनी त्यावर वाद घातले, परिणाम मोजला तर छोटाच निघतो असंही दाखवलं, ते मान्यच करायला हवं. पण छोटा परिणाम कोट्यवधी लोकांवर आणि रोज.

उलट्या बाजूचा आकडाही घ्या. जगभरच्या बातम्यांत कोण बोलतं, कोणाबद्दल बोललं जातं याची मोजणी 'ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट' १९९५ पासून दर पाच वर्षांनी करतं. १९९५ ला त्यात बायका १७ टक्के होत्या, २०२० ला २५. सर, जगात बायका काही २५ टक्के नाहीत. इथे धूर कुठला?

प्रश्न: बेक्डेल टेस्ट पास झाली म्हणजे सिनेमा चांगला का? माझा आणि मैत्रिणीचा यावरून अबोला आहे.

उत्तर: नाही, अबोला सोडा. व्यंगचित्रकार अॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीतला तो विनोद आहे, कल्पना मैत्रिणीची असं त्या स्वतःच सांगतात. सिनेमात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून कशाबद्दल तरी. टुकार सिनेमाही पास होतो आणि उत्तम सिनेमा नापास होऊ शकतो, त्यामुळे एका सिनेमाला ती लावण्यात काही अर्थ नाही. वर्षभरातल्या सगळ्या सिनेमांना लावा आणि मग नापासांची यादी बघा. अट एवढी खाली ठेवूनही यादी लांब निघते हाच तर विनोद होता.

प्रश्न: मॅम, मी एका न्यूज वेबसाइटवर कंटेंट रायटर आहे, सहा महिने झालेत. दिवसाला दहा-बारा कॉपी, म्हणजे लिहून तयार बातम्या, काढायच्या असतात. गरिबीवर बातमी असली की तोच नाक गळणाऱ्या मुलाचा फोटो, म्हाताऱ्यांवर असली की सुरकुत्या पडलेले हात, नैराश्यावर असली की खिडकीपाशी डोकं धरून बसलेली मुलगी. मला कळतं हे चुकतंय पण दुसरा फोटो शोधायला वेळ कुठाय? सीनियर म्हणतात क्लिक येतायत ना, मग झालं. मी एकटी काय करणार?
– ज्युनियर

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. खिडकीपाशी डोकं धरून बसलेली ती मुलगी माझ्या वेळेपासून तिथेच बसलीये, तिला कोणीतरी उठवा आता.

तुला 'स्टिरिओटाइप' हा शब्द कुठून आला माहितीये का? तो छापखान्यातला आहे, म्हणजे आपल्याच घरातला. पूर्वी एकेक खिळा (धातूचं सुटं अक्षर) जुळवून पान लावायचे, मग त्या जुळवलेल्या पानाचा साचा काढायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतून सगळ्या पानाची एक अखंड पाटी बनवायची. तिला स्टिरिओटाइप म्हणायचे, अठराव्या शतकाच्या शेवटाला फ्रान्समधे हा शब्द रुळला. फायदा काय, तर तेच पान परत छापायचं तर परत खिळे जुळवायला नकोत. १९२२ मधे वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने तोच शब्द उचलून आपल्या डोक्यातल्या तयार चित्रांना लावला, की आपण बहुतेक वेळा आधी बघून मग ठरवत नाही, आधी ठरवतो आणि मग बघतो. शब्द लावणारा पत्रकार होता यात मला नवल वाटत नाही. साचा मुळात जन्मला तो कष्ट वाचवायला, आणि तू जे म्हणतेस ना, वेळ कुठाय, तेच त्याचं मूळ आहे. दुष्टपणा कमी असतो यात. दुपारचे साडेचार आणि सहाची डेडलाइन, हे जास्त असतं.

आता कॅप्शनचं बघ. २००५ मधे अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं, न्यू ऑर्लिन्स पाण्यात गेलं. दोन वृत्तसंस्थांचे दोन फोटो इंटरनेटवर शेजारी शेजारी फिरले, दोन्हींत छातीभर पाण्यातून सामान घेऊन जाणारी माणसं. काळ्या तरुणाच्या फोटोखाली लिहिलेलं की दुकान 'लुटून' येतोय, गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली लिहिलेलं की दुकानातला ब्रेड आणि सोडा 'सापडल्यावर'. खूप ओरडा झाला. दोन्हीकडून खुलासेही आले, एक म्हणाले आमच्या माणसाने त्याला दुकानात जाताना पाहिलं होतं, दुसरे म्हणाले सामान पाण्यावर तरंगत होतं. असेलही दोन्ही खरं. दोघांनीही मुद्दाम केलं नसेल. पण वाचणाऱ्यासमोर शेवटी दोन चेहरे आणि दोन क्रियापदं राहिली. माणसाला साच्यात घालायला विशेषणं लागतात असं आपल्याला वाटतं, खरं काम क्रियापदं करतात, 'म्हणाला' आणि 'कबूल केलं', 'जमले' आणि 'घुसले'. तुझ्या कॉपीत विशेषणं सगळे तपासतील, क्रियापदं तू तपास.

माझी एक गोष्ट सांगते. एकदा झोपडवस्तीतल्या मुलांच्या निकालाची बातमी होती, चांगली बातमी, आणि मी घाईत फाइलमधला जुना फोटो लावला, नाल्याकाठी उघडं बसलेलं पोर. दुसऱ्या दिवशी एक मुलगी ऑफिसात आली, इस्त्रीचे कपडे, हातात मार्कशीट. ओरडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, आमचा फोटो हवा होता तर सांगायचं ना, आम्ही आलो असतो." मी तिला पाणी दिलं आणि दुरुस्ती छापू म्हटलं, पण फोटोची दुरुस्ती कशी छापतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि संपादकांनाही नव्हतं, ते राहूनच गेलं.

तू एकटी काय करणार? बारा कॉपींपैकी एकीत कर. रोज एक. वेळ मिळेल तेव्हा आधीच पाच-पन्नास साधे फोटो शोधून स्वतःचं एक फोल्डर बनव, हसणारी म्हातारी माणसं, डबा खाणारी नैराश्यातली माणसं (ती डबा खातात, जोकही मारतात), साडेचारला ते फोल्डर उपयोगी पडतं. फोन करायचा तर ज्याच्यावर बातमी आहे त्यालाच कर, 'तज्ज्ञा'ला नंतर. आणि सीनियरशी नीतीवर भांडू नकोस, हरशील. त्यांना सांग की तोच फोटो सगळ्या साइट्सवर आहे, आपला वेगळा दिसेल. हे त्यांना कळतं.

प्रश्न: एआयला 'नर्स' म्हटलं की बाईच येते आणि 'बॉस' म्हटलं की सूटमधला पुरुष. मशीनला कसला आलाय पूर्वग्रह?

उत्तर: मशीनला नसतो, आपण तिला खायला घातलेल्या फोटोंना असतो. एआयच्याही आधीचं सांगते, २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की अमेरिकेत तेव्हा २७ टक्के सीईओ बायका होत्या आणि गूगलच्या चित्रशोधात 'सीईओ' टाकलं तर ११ टक्केच दिसायच्या. आता तसलेच फोटो गिळून मशीन नवे फोटो काढतंय, आणि तेही परत इंटरनेटवर जातायत. साच्यातून काढलेल्या पाटीचाच परत साचा काढला तर अक्षर कसं येईल ते जुन्या छापखानेवाल्यांना विचारा.

प्रश्न: ताई, मागच्या अंकात तुम्हीच माझ्याबद्दल लिहिलंत, 'सत्तरीत कोडिंग शिकणाऱ्या धाडसी आजी'. मी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. कोडिंगचा क्लास लावला कारण नवीन भाषा शिकायची होती. यात धाडस कुठलं?
– आजी (तुमच्या मते)

उत्तर: पकडलंत. तुमचं पत्र आल्यावर माझी टिपणवही काढून बघितली, त्यात 'टेलिफोन खातं, ३६ वर्षं' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. जागा कमी पडली तेव्हा मी ते कापलं आणि 'धाडसी' ठेवलं. आणि 'आजी' तर माझीच भर, तुम्हाला नातवंडं आहेत की नाहीत हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. आहेत का?